नांदेड सात, वसमतवरून

शेषराव पाईकराव मुंबईहून परत आला तेव्हा त्याच्याजवळ एक लोखंडी पेटी होती आणि पेटीत कपड्यांपेक्षा कागद जास्त होते. एका संशोधन संस्थेच्या संगणक विभागात तो तीन वर्षं तात्पुरत्या जागेवर होता. कामाची मुदत संपली आणि जागाही संपली. गावी, साखऱ्याला, आई भागूबाई एकटीच राहायची. तिच्याजवळ त्यानं चार महिने काढले, अर्ज लिहिले, पोस्टमनची वाट पाहिली. शेवटी वारंगा फाट्यावर पंक्चरचं दुकान चालवणाऱ्या रामजीमामानं त्याला बोलावून घेतलं.

"घरी बसून भिंती पाहून राहिलास," मामा म्हणाला. "त्यापेक्षा इथं बसून रस्ता पाह."

हे सत्याहत्तर सालच्या उन्हाळ्यातलं. फाट्यावर तीन रस्ते मिळतात. एक नांदेडला जातो, एक कळमनुरीवरून हिंगोलीला, आणि तिसरा, तेव्हा कच्चा होता, वसमतकडे. ट्रकवाले दुकानासमोर थांबायचे, चाकात हवा भरून घ्यायचे आणि निघताना एकच प्रश्न विचारायचे, पुढचा रस्ता कसा आहे? मामा आधीच्या ट्रकवाल्यानं सांगितलेलं पुढच्याला सांगायचा. कधी ते खरं निघायचं, कधी दोन दिवसांचं शिळं असायचं.

एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मामानं विचारलं, "शेषा, तू तिकडं नेमकं काय करत होतास? आक्काला, तुझ्या मायला, इचारलं तर ती म्हणते, पोरगं तारा जोडायचं."

शेषरावला हसू आलं. "तारा न्हाई मामा. अमेरिकेत मोठमोठी यंत्रं एकमेकाला जोडली हायत. एका यंत्राला दूरच्या यंत्राकडं निरोप धाडायचा तर मधी पाच-सहा यंत्रं लागतात. निरोपानं कोण्या वाटेनं जायचं हे आधी ठरवलेलं नसते. एक वाट तुटली तर तो आपला आपण दुसऱ्या वाटेनं जातो."

"आपला आपण कसा जाईल? त्याला काय डोळे हायत?"

"परत्येक यंत्राजवळ एक यादी असते. फलाण्या ठिकाणी जायला किती येळ लागते आणि कोण्या शेजाऱ्याकडून जायचं, एवढंच तिच्यात लिहिलेलं. सगळा नकाशा कोणाजवळच नसतो. शेजारी शेजाऱ्याला आपली यादी सांगत राहतो. समजा, वसमतनं आपल्याला सांगितलं की परभणी माझ्यापासून दोन तास. वसमत आपल्यापासून एक तास. म्हणजे आपल्यापासून परभणी किती?"

"तीन."

"झालं. तू लिहायचं, परभणी तीन, वसमतवरून. परभणी कुठं हाय हे तुला ठाऊक असायची गरजच न्हाई. उद्या हिंगोलीनं अडीचचा आकडा सांगितला तर तीन पुसायचं, अडीच लिहायचं. वाट बदलली की आकडे बदलतात आणि आकडे बदलले की निरोप आपोआप वळतात."

मामानं पाण्याच्या टाकीत ट्यूब बुडवून बुडबुडे पाहिले, खूण केली. मग म्हणाला, "आपल्याकडं तार न्हाई. पण ट्रका तर जाऊन-येऊन राहिल्या."

तिथून ते सुरू झालं. मामानं एका जुन्या पत्र्याला काळा रंग दिला. त्यावर शेषरावनं तीन रकाने पाडले : गाव, तास, कुठून. दुसरा फळा हिंगोलीत ट्रक थांबतात तिथं भीमसिंग राठोडच्या चहाच्या हॉटेलावर लागला, तिसरा वसमतला पद्माबाईंच्या खानावळीवर, आणि चौथा अकोल्याच्या रस्त्याला कनेरगाव नाक्यावरच्या एका ढाब्यावर. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवाल्याच्या हातात चिठ्ठी द्यायची आणि शेजारच्या फळ्याची चिठ्ठी घ्यायची. बस, एवढंच काम.

भीमसिंग तिशीचा, उत्साही माणूस. त्याचं अक्षर छापल्यासारखं होतं. नियम त्यानं एका बैठकीत समजून घेतले आणि वरून दोन प्रश्न विचारले. त्याची बायको आशा रोज सकाळी ओल्या फडक्यानं फळा पुसून द्यायची. कोरडं पुसलं की पांढरं राहतं आणि आकडे नीट दिसत नाहीत, असं तिचं म्हणणं. पद्माबाई विधवा, पन्नाशीच्या पुढच्या. चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी शेषरावला आधीच बजावलं होतं, "बाबा, मला बेरीज येते. पण बेरीज करून जे येईल तेच मी लिहीन. माझ्या मनानं काही लिहिणार न्हाई."

"तेवढंच पाहिजे आक्का," शेषराव म्हणाला होता.

त्यानं नियम अगदी थोडे ठेवले होते. सगळ्यात कमी असेल तो आकडा लिहायचा. ज्याच्यावरून वाट घेतली त्यानं आकडा वाढवला किंवा 'बंद' कळवलं तर ते मुकाट मानायचं. चोवीस तासांच्या वर आकडा गेला तर सरळ 'बंद' लिहायचं. आणि चौथा नियम, ज्यावर त्याचा सगळ्यात जास्त जोर होता, तो असा की ज्याच्याकडून एखाद्या गावाची वाट घेतली असेल त्याच्या चिठ्ठीत ते गाव लिहायचंच नाही.

"ते काहून?" भीमसिंगनं विचारलं होतं.

"समज, तू नांदेडला माझ्यावरून जातोस. तुझा आकडा चार. माझा नांदेडचा रस्ता तुटला. तेवढ्यात तुझी चिठ्ठी आली, नांदेड चार. मी म्हणीन, वा, भीमसिंगला वाट ठाऊक हाय, हिंगोलीवरून जाऊ. आणि तुझी वाट तर माझ्यावरूनच! तू माझ्याकडं पाहशील, मी तुझ्याकडं पाहीन, आणि आकडे नुस्ते वाढत राहतील."

मुंबईत हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. दोन यंत्रं कागदावर मांडून, कार्डांना भोकं पाडून त्यानं गणित चालवलं होतं. वाट तुटल्यावर छापून आलेल्या लांबलचक पट्टीवर आकडे चढत गेले होते, चार, सहा, आठ, दहा. चांगली बातमी झटक्यात पसरते. वाईट बातमी एकमेकांच्या जुन्या आकड्यांशी झगडत हळूहळू जाते. मग त्यानं चौथा नियम घातला आणि पट्टी ताबडतोब थांबली. विभागाचे साहेब म्हणाले होते, "दोनाला ठीक आहे. आता तीन यंत्रांवर चालवून पाहा." ते चालवायच्या आत मुदत संपली होती.

उन्हाळाभर फळे चांगले चालले. ज्येष्ठात कळमनुरीजवळ उसाचा एक ट्रॅक्टर रस्त्यावर आडवा झाला, तेव्हा हिंगोलीकडे निघालेल्या गाड्या दीड तासाच्या आत वसमत-औंढ्यावरून वळल्या. कांद्याचा ट्रक घेऊन जाणारा एक सरदारजी मुद्दाम परत येऊन मामाच्या पाठीवर थाप मारून गेला. मामा आल्यागेल्याला सांगू लागला, "आमच्या भाच्याचं डोकं हाय हे." शेषरावनं त्या महिन्यात एकही अर्ज लिहिला नाही.

श्रावणात तीन दिवस झड लागली. पूर्णा नदीला पाणी आलं आणि परभणीपुढे चारही फळ्यांवर 'बंद' लागलं. वसमतहून नांदेडला जायचा सरळ रस्ता तर वैशाखापासूनच पुलाच्या कामासाठी उखडलेला होता, त्यामुळे वसमतचे ट्रकही नांदेडला वारंग्यावरूनच जायचे. त्या मंगळवारी सकाळी वारंग्याच्या फळ्यावर होतं, नांदेड २, सरळ. वसमतला, नांदेड ३, वारंग्यावरून. हिंगोलीला, नांदेड ४, वारंग्यावरून.

आठ वाजता नांदेडकडून एक ट्रक उलटा फिरून आला. पुढच्या ओढ्याच्या पुलावर छातीभर पाणी होतं. शेषरावनं दोनाचा आकडा पुसला आणि 'बंद' लिहिलं. दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एक वसमतच्या टेम्पोवाल्याजवळ दिली. दुसरी हिंगोलीला निघालेल्या सरकीच्या ट्रकवाल्याजवळ.

टेम्पो तासाभरात वसमतला पोचला. सरकीच्या ट्रकचा कळमनुरीच्या अलीकडे चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटला आणि तो शेषरावच्या चिठ्ठीसकट रस्त्याच्या कडेला उभा राहिला. हे शेषरावला संध्याकाळी कळलं.

सव्वादहाला वसमतहून चिठ्ठी आली. पद्माबाईंच्या हातचे मोठेमोठे आकडे, सहाव्या ओळीत नांदेड ६.

शेषराव ती चिठ्ठी हातात धरून उभा राहिला. पद्माबाई नियम मोडणाऱ्यातल्या नव्हत्या. नांदेडची वाट त्यांनी आपल्यावरून घेतली असती तर आपल्या चिठ्ठीत नांदेड लिहिलंच नसतं. म्हणजे त्यांना दुसरी वाट मिळाली. कुठली? उखडलेल्या रस्त्याला शेतातून वळण काढलं असेल का? चिठ्ठीवर फक्त आकडा होता. कुठून, ते चिठ्ठीत लिहायची रीतच नव्हती. त्यानंच ठरवलं होतं, शेजाऱ्याला आकडा पुरतो.

त्यानं सहात एक मिळवला आणि फळ्यावर लिहिलं, नांदेड ७, वसमतवरून. हिंगोलीला निघालेल्या एका गाडीजवळ सातची चिठ्ठीही दिली.

सव्वाअकराला हिंगोलीकडून एक जीप आली. पडदे सोडलेले. पुढे चालकाजवळ भीमसिंग होता. मागे गोधडीवर आशा आडवी होती आणि तिचं डोकं भीमसिंगची आई नर्मदाबाई हिच्या मांडीवर होतं.

"पहाटेपासून कळा येऊन राहिल्या," भीमसिंग खाली उतरत म्हणाला. "मूल आडवं हाय. डॉक्टर म्हणाले, इथं होणार न्हाई, नांदेड न्हाईतर अकोला गाठा, दिवस मावळायच्या आत. नांदेड चार, अकोला सात. मी इकडं आलो." मग त्याची नजर फळ्यावर गेली. "सात? काहून?"

"पुलावर पाणी हाय. सकाळी चिठ्ठी धाडली होती मी. पोचली न्हाई का?"

"न्हाई. माझ्या फळ्यावर अजून चारच हाय. सकाळी मीच लिहिलं."

या एका वाक्यात सगळं होतं. पुढे कित्येक वर्षं शेषराव ते वाक्य मनात उलटसुलट करत राहिला. हिंगोलीला वाट तुटल्याची बातमीच नव्हती. तरी त्या क्षणी तो नुसतं एवढंच म्हणाला, "पाऊस हाय, ट्रक अडकला असंल."

भीमसिंग फळ्यासमोर उभा राहून बोटानं ओळी पाहत होता. अकोला ९, हिंगोलीवरून. कनेरगाव नाक्याकडचा रस्ता मोकळा होता आणि तो नऊचा आकडा खरा होता. रामजीमामा हात पुसत पुढे आला.

"दोन-तीन तास थांबता का? ओढ्याचं पाणी हाय, उतरंल बी."

"आणि न्हाई उतरलं तर?" भीमसिंग म्हणाला.

मामानं आभाळाकडे पाहिलं. वरच्या अंगाला काळंच होतं.

जीपमधून नर्मदाबाईनं हाक मारली, "भीम्या, चाल रे, कुठं बी चाल."

भीमसिंगनं शेषरावकडे पाहिलं. "नऊ का सात, भाऊ?"

"सात," शेषराव म्हणाला. "वसमतवरून जा."

पडद्याच्या फटीतून आशानं विचारलं, "किती राहिलं?" आवाज तिचा वाटतच नव्हता. भीमसिंग वाकून म्हणाला, "थोडंच हाय. चालू हाय रस्ता." जीप कच्च्या रस्त्यावर उतरली आणि चिखलात डुलत निघून गेली.

साडेबाराला वसमतकडून एक ट्रक आला. त्याला हिंगोलीला जायचं होतं. हवा भरून घेताना ट्रकवाला सहज बोलला, "वसमतचा फळा काय म्हणून राहिला, पाहिलं का? नांदेडला जायचं तं हिंगोलीवरून जा म्हणते. दोन गाड्या वळल्या बी तिकडं."

"हिंगोलीवरून?" शेषरावनं विचारलं.

"व्हय. नांदेड सहा, हिंगोलीवरून. मी वाचलं ना."

शेषरावनं ट्यूबच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर तीन टिंबं काढली. वारंगा, हिंगोली, वसमत. वसमतला त्यानं बंद कळवलं. वसमतजवळ हिंगोलीची सकाळची चिठ्ठी होती, नांदेड चार. ती वाट वारंग्यावरूनच आहे हे वसमतला कळायला मार्ग नव्हता. हिंगोलीचा चौथा नियम वारंग्यापुरता होता, वसमतला सांगायची मनाई नव्हती. चार आणि वसमत ते हिंगोलीचे दोन, सहा. मग वसमतनं वारंग्याला सहा सांगितलं. तेही नियमाप्रमाणेच, कारण वसमतची वाट आता हिंगोलीवरून होती. सहा आणि एक सात. आता तो सात हिंगोलीला पोचेल आणि नऊ होईल. दोघांना बांधून ठेवणारा नियम तिघांना बांधू शकत नव्हता. बातमी उलटी येत नव्हती. ती तिसऱ्याकडून फिरून येत होती.

भीमसिंगनं सकाळी स्वतःच्या हातानं लिहिलेला चार, दोन माणसांची बेरीज अंगावर घेऊन, भीमसिंगलाच वाट दाखवत होता.

"मामा, मी त्यांना तिकडं धाडलं," तो म्हणाला. "तिकडं वाटच न्हाई."

मामाला सगळं समजलं नाही, पण भाच्याचा चेहरा पाहून त्यानं रस्त्यावर उभं राहून पहिली वसमतची गाडी अडवली. तो खताच्या पोत्यांचा ट्रॅक्टर होता. शेषराव पोत्यांवर बसला. रस्त्यात दोनदा चाकं रुतली, तो उतरून चिखलात ढकलत राहिला. वसमत यायला तीन वाजले.

पद्माबाईंच्या खानावळीसमोर जीप उभी होती. पडदे वर बांधलेले होते आणि आत कोणी नव्हतं.

जीप एक वाजता पोचली होती. भीमसिंगनं उतरल्याबरोबर फळा वाचला आणि तो पद्माबाईंवर ओरडला, "हिंगोलीवरून? आमी हिंगोलीहूनच आलो ना!" पद्माबाईंना काही उमजेना. त्यांनी सकाळची चिठ्ठी काढून दाखवली. अक्षर भीमसिंगचंच होतं. मग कोणी म्हणालं, उखडलेल्या रस्त्यानं प्रयत्न करा. जीप पाच किलोमीटर गेली आणि जिथं पूल नव्हता तिथून परत आली. गावातल्या डॉक्टरांना बोलावलं. ते आले, त्यांनी पाहिलं, सुई दिली, आणि ऑपरेशनशिवाय माझ्या हातात काही नाही म्हणाले. पद्माबाईंनी आपली आतली खोली मोकळी करून दिली. अडीच वाजता आशा गेली. मूल पोटातच होतं.

शेषराव दारात उभा राहिला तेव्हा आत नर्मदाबाई सुनेचे केस विंचरत होती. भीमसिंग भिंतीला टेकून खाली बसला होता. त्यानं वर पाहिलं आणि परत मान खाली घातली. चिखलानं भरलेले पाय घेऊन शेषराव बाहेर ओट्यावर बसला. पद्माबाईंनी तांब्याभर पाणी आणून त्याच्याजवळ ठेवलं.

"बाबा, माझं काय चुकलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"काही न्हाई चुकलं आक्का."

"मग?"



जीप औंढ्यावरून हिंगोलीला परत गेली. दिवस मावळायच्या सुमारास ते घरी पोचले तेव्हा हॉटेलात भीमसिंगचा भाऊ नरसिंग होता. सकाळपासून त्यानं आपल्या समजुतीनं फळा सांभाळला होता. वारंग्याची दुपारची चिठ्ठी आल्यावर त्यानं बेरीज केली होती आणि भावासारख्याच नीट अक्षरात लिहिलं होतं, नांदेड ९, वारंग्यावरून. भीमसिंगनं तो फळा उतरवला आणि पालथा घालून चुलीमागे टाकला.

शेषराव ट्रॅक्टरवरूनच वारंग्याला परतला. नांदेडकडून गाड्या येत होत्या. पुलावरचं पाणी दीड वाजताच उतरलं होतं. मामानं ते फळ्यावर लिहिलं नव्हतं. फळ्यावर सातच होता. शेषरावनं तो हातानंच पुसला.

दहाव्या दिवशी मामा-भाचे हिंगोलीला भेटायला गेले. भीमसिंगनं त्यांना बसायला पाट दिला आणि चहा ठेवला. आल्या-गेल्याला द्यायचा तसा. शेषरावनं ठरवलं होतं की सगळं सांगायचं, काही लपवायचं नाही. त्यानं सांगितलं. सरकीचा ट्रक, सकाळचा चार, पद्माबाईंचा सहा, आपला सात. भीमसिंग शेवटपर्यंत ऐकत राहिला. तो हुशार होता, त्याला समजलं.

"म्हणजे माझाच आकडा," तो म्हणाला.

"तुझा चुकीचा नव्हता. तुला बातमीच पोचली नव्हती."

"मग कोणाचं चुकलं?"

"कोणाचंच न्हाई. परत्येकानं बराबर लिहिलं."

"असं कसं?" भीमसिंगचा आवाज चढला. "माझी बायको गेली. लेकरू गेलं. रस्त्यात मला धा येळा इचारत होती, किती राहिलं, किती राहिलं. मी आकडे सांगून राहिलो होतो तिला. आणि तू म्हणतोस कोणाचंच न्हाई? कोणाचं तरी असंलच ना, शेषरावभाऊ?"

"माझं," शेषराव म्हणाला. "रीत मी बसवली. तिघांवर चालवून पाहिली न्हाई."

भीमसिंगनं मान हलवली. हे त्याला पुरत नव्हतं. शेषराव त्याच्या डोळ्यांसमोर बसलेला होता, रडवेला, वाळलेला. त्याच्यावर राग धरायचा तरी कसा. नर्मदाबाई आतून म्हणाली, "त्या वसमतच्या बाईला हिशेब येत न्हाई. चौथी शिकलेली बाई ती. तिनं केलं हे." आणि भीमसिंगनं त्यावर काही म्हटलं नाही.

महिन्याभरात हेच सगळीकडे झालं. ट्रकवाले चहा पिता पिता सांगायचे, वसमतच्या बाईनं बेरीज चुकवली आणि एक बाळंतीण मेली. ऐकणारा पुढे सांगायचा. शेषराव भेटेल त्याला समजावत होता की सहाचा आकडा बरोबर होता. लोक ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, आकडा बरोबर होता तर बाई मेली कशी? याला त्याच्याजवळ पुठ्ठ्यावरच्या तीन टिंबांपेक्षा दुसरं उत्तर नव्हतं आणि ती टिंबं पाहायला कोणाला वेळ नव्हता. पद्माबाईंच्या खानावळीसमोर गाड्या थांबेनाशा झाल्या.

शेषरावनं मुंबईच्या साहेबांना चार पानी पत्र लिहिलं. दीड महिन्यानं टाइप केलेलं उत्तर आलं. तीन यंत्रांच्या फेऱ्यात हा दोष येतो हे आता अमेरिकेतल्या लोकांच्याही ध्यानात आलं आहे, असं त्यात होतं. त्यावर खात्रीचा उपाय अजून कोणाजवळ नाही. बहुधा ही पद्धतच सोडून द्यावी लागेल आणि प्रत्येक यंत्राला सगळा नकाशाच द्यावा लागेल. शेवटी साहेबांनी विचारलं होतं की त्या दिवशी कुठली चिठ्ठी किती वाजता पोचली याचा नीट तक्ता करून पाठवता येईल का. उदाहरण म्हणून फार उपयोगी पडेल. आशाबद्दल एक ओळ होती, खेद झाल्याची.

शेषराव तक्ता करायला बसला. वारंगा आठ, वसमत नऊ, वारंगा सव्वादहा. चौथ्या रकान्यात हिंगोलीची वेळ लिहायची होती, आणि ती चिठ्ठी कधी पोचलीच नव्हती. तिथं काय लिहावं हे त्याला सुचलं नाही. कागद तसाच पेटीत गेला.

दिवाळीच्या आधी निरोप आला की पद्माबाई खानावळ सोडून जिंतूरकडे भावाच्या गावी चालल्यात. शेषराव वसमतला गेला. त्या एसटीच्या थांब्यावर एका ट्रंकेवर बसल्या होत्या. बरोबर कोणी नव्हतं.

"आक्का, मी सगळ्यांना सांगितलं," तो म्हणाला.

"ठाऊक हाय बाबा. मला बी सांगून गेले लोक, तो पोरगा तुझी बाजू घेऊन राहिला म्हणून." त्यांनी ट्रंकेवर सरकून त्याला जागा करून दिली. "एक काम कर. तुझ्याजवळ कागद हाय ना? मला लिहून दे."

"काय लिहू?"

"माझी बेरीज बरोबर होती म्हणून."

त्यानं वहीतलं पान फाडलं, गुडघ्यावर ठेवलं आणि लिहिलं : चार आणि दोन सहा. पद्माबाईंची बेरीज बरोबर होती. खाली दिनांक लिहिला आणि सही केली, पूर्ण नाव, मुंबईत करायचा तशी.

पद्माबाईंनी ते ओठ हलवत वाचलं, दोनदा वाचलं, आणि घडी करून कनवटीच्या पिशवीत ठेवलं. तो कागद कोणाला दाखवायचा, हे दोघांनाही माहीत नव्हतं. एसटी आली. कंडक्टरनं ट्रंक वर चढवली. शेषराव गाडी सुटेपर्यंत तिथं उभा राहिला, आणि गाडी गेल्यावरही बराच वेळ, कारण परत जायला त्याला कुठलीच घाई नव्हती.